ओढ्याकाठच्या नारिंगी फिती

गुरुवारी सकाळी ओढ्यात पाऊल टाकलं आणि इला जागीच थिजली. काठच्या झाडांवर नारिंगी फितीच फिती लटकत होत्या. गेल्या गुरुवारी तिने स्वतः बांधलेल्या सहा होत्या. आज तिच्या साहेबाने, म्हणजे ग्रेगने, चौतीस मोजल्या.

सिएटलजवळच्या या ओढ्यात दर शरदात सॅमन मासे समुद्रातून परततात. मादी शेपटीने खडी उकरून घरटं करते, अंडी घालते आणि मरून जाते. घरटं दिसलं की शेजारच्या फांदीला तारीख लिहून फीत बांधायची, मेलेला मासा पुन्हा मोजला जाऊ नये म्हणून त्याची शेपटी छाटायची, हे इलाचं काम. यंदा दहा घरटी भरली नाहीत तर इथली मोजणी बंद होणार होती. मोजणीपाठोपाठ नोकरी आणि नोकरीपाठोपाठ व्हिसा.

ग्रेगचा आनंद गगनात मावेना. इलाने तोंड उघडायच्या आत त्याने वरच्या ऑफिसला फोन लावला, आणि दुपारी तिघे अधिकारी बघायला येणार असं ठरूनही गेलं. मग इलाने एक फीत हातात घेतली. तारीख नव्हती. सुबक मराठीत लिहिलं होतं, 'देवांगला ग्रीन कार्ड मिळू दे.' पुढच्या फितीवर आन्याची ॲडमिशन होती, त्यापुढे कुणाचा तरी गुडघा. तिने महिन्यापूर्वी नागपूरहून आलेल्या आईला फोन केला.

"आई, ओढ्यावरच्या फिती कोणी बांधल्या?"

"आम्हीच. रविवारी मराठी मंडळाच्या बायकांना फिरायला नेलं नव्हतं का? तुझ्या डिकीत रीळ होतं."

"अगं, पण कशाला?"

"झाडाला फिती बांधलेल्या दिसल्या. त्यात विचारायचं काय? इतकं जागृत ठिकाण जवळ आहे आणि तू महिनाभर बोलली नाहीस."

इलाने ग्रेगला नवस म्हणजे काय ते समजावलं, तेव्हा तो दगडावर मटकन बसला. वर पुन्हा फोन करायचं धैर्य दोघांनाही होईना. शेवटी फांदीफांदीवरचे नवस सोडत, खालची खडी तपासत दोघं निघाले. जुनी सहा घरटी जागेवर होती, नवी तीन सापडली. नऊ झाली आणि तिथे आडवा पडलेला मेपल आला. त्यापलीकडे मासा चढूच शकत नाही असं आजवर सगळे धरून चालले होते, त्यामुळे इला नेहमी तिथूनच परत फिरायची.

पलीकडे पस्तिसावी फीत हलताना दिसली. बायका पलीकडच्या बागेतून तिथवर पोचल्या होत्या. दोघं खोड ओलांडून गेले, तर फितीखाली ताजी उकरलेली खडी, आणि तिच्यावर हातभर लांबीची मादी राखण करत उभी. दहावं घरटं. इलाला रडूच कोसळलं.

फितीवर आईचं तिरकं अक्षर होतं, 'इलाची ही नोकरी सुटू दे आणि पोरगी नागपूरला परत येऊ दे.'

काय लिहिलंय, असं ग्रेगने विचारलं. आईने माझ्या नोकरीसाठी नवस बोललाय, असं इलाने सांगितलं. ते खोटंही नव्हतं. ग्रेगने हात जोडले, आणि चौतीसची दहा कशी झाली ते अधिकाऱ्यांना सांगायची जबाबदारी आपण होऊन घेतली.

संध्याकाळी आईने दारातच विचारलं, "फितीला काही गुण आला?"

"आला गं," दमलेली इला बूट काढत म्हणाली.

आईने लगेच माळ्यावरून प्रवासाच्या दोन्ही बॅगा खाली काढल्या.