दोन माडांमधला वाढदिवस

"यंदा वाढदिवसाला मी एकटाच बेटावर जाणार आहे," असं मी घरात जाहीर केलं, तेव्हा आमची कुंदा तांदूळ निवडत होती. तिने एक खडा काढून बाजूला टाकला आणि म्हणाली, "बरं."

नवऱ्याने इतकी मोठी घोषणा करावी आणि बायकोने नुसतं 'बरं' म्हणावं, हे मला जरा लागलंच. निदान 'एकटेच का?' एवढं तरी विचारायचं! पण नाही. उलट ती पुढे तांदूळ निवडताना काहीतरी गुणगुणत होती. मला तेव्हाच संशय यायला हवा होता. (मला संशय नेहमी नंतर येतो.)

मुळात हे खूळ माझ्या डोक्यात घातलं ते एका कॅलेंडरने. आमच्या ऑफिसातल्या श्यामसुंदरने कुठूनसं एका विमानकंपनीचं कॅलेंडर पैदा केलं आणि ते नेमकं माझ्या टेबलासमोर टांगलं. (आमचा कारखाना मरोळला. आम्ही स्टोव्हच्या पिना बनवतो. म्हणजे पिना यंत्रं बनवतात. त्या पोचल्या का नाहीत, याची उत्तरं मी लिहितो.) फेब्रुवारीच्या पानावर निळा समुद्र, पांढरी वाळू, दोन वाकडे माड, त्या माडांना टांगलेली झोळी आणि झोळीत तोंडावर टोपी ओढून पडलेला एक साहेब. समुद्राचं मला विशेष काही नव्हतं. समुद्र आमच्या अंधेरीच्या टोकालाही आहे. मला हेवा वाटला तो निराळ्याच गोष्टीचा. त्या अख्ख्या चित्रात साहेबाला हाक मारणारं कुणीही नव्हतं.

मला मात्र जन्मल्यापासून लोक हाका मारताहेत. ऑफिसात 'रेगे!', घरात पाऊल टाकलं की 'अहो!', 'बाबा!' आणि 'नंदू!' (हे शेवटचे आमचे भाऊ, म्हणजे वडील. वर्तमानपत्र वाचून झाल्यावर ते पुन्हा मोठ्याने वाचून दाखवायला त्यांना माणूस लागतो.) दोन खोल्यांच्या घरात एकांत म्हणजे काय, तर गॅलरीच्या टोकाचा संडास. तोही सामाईक, त्यामुळे तिथेही बाहेरून हाका येतात. तेव्हा आयुष्यात एक दिवस, फक्त एक, मला कुणी हाक मारू नये, एवढंच मला हवं होतं. आणि ते मला फार मनापासून हवं होतं.

श्यामसुंदरला सांगितलं, ही चूक झाली. जेवणाच्या सुट्टीपर्यंत 'रेगे बेटावर चालला' ही बातमी साऱ्या कारखान्यात पसरली. मॅनेजरसाहेबांनी मला आत बोलावलं.

"रेगे, पासपोर्ट काढलात?"

"लागत नाही, सर."

"असं कसं?"

"वर्सोव्याहून होडी सुटते, सर. मढला जाते."

साहेबांनी किरकोळ रजेच्या अर्जावर ज्या नजरेने सही केली, ती नजर मी विसरणार नाही. आता मढ हे खरोखरीचं बेट आहे की नाही, यावर वाद होऊ शकतो. मालाडच्या बाजूने माणूस मोटारीने तिथे पोचतो. म्हणूनच मी होडीने जायचं ठरवलं. पाणी चारी बाजूंना नसलं, तरी माझ्या बाजूला होतं.

वाढदिवस सोमवारी आला. त्या दिवशी मला चाळिशी लागली. (नाकावर ती दोन वर्षांपूर्वीच लागली होती.) कुंदाने सकाळी ओवाळलं, पुऱ्या आणि शिरा बांधून दिला. मी पिशवीत गुपचूप कपडे वाळत घालायची दोरी आणि तिची एक जुनी पाचवारी कोंबली. साहेबाची झोळी मला परवडणारी नव्हती, पण दोन माडांना पातळ बांधलं की झोळी झालीच, असा माझा हिशेब होता.

"जातो," मी चपला घालत म्हणालो.

"जातो काय? येतो म्हणावं," कुंदा म्हणाली.

"हे बघ, आज माझा वाढदिवस आहे. आज मी जाणार आहे. यायचं संध्याकाळी बघू. जातो!"

आणि जिना उतरलो. वळणावर आठवलं, म्हणून ओरडलो, "अगं, माझी टोपी?"

"डोक्यावर!" वरून उत्तर आलं.

होडीतून उतरून मी कोळीवाडा ओलांडला. बांबूंवर बोंबील वाळत होते आणि आपल्या कामातून मान वर करायला कुणाला सवड नव्हती. थोडं पुढे गेल्यावर वाळू लागली आणि वाळूवर, शपथेवर सांगतो, दोन माड! कॅलेंडरातल्याइतके वाकडे नव्हते, पण एका दिवसाच्या कॅज्युअल लीव्हमध्ये इतपतच वाकडे मिळायचे. आसपास चिटपाखरू नव्हतं. मी शर्टाचं वरचं बटण काढलं. किती बरं वाटलं म्हणून सांगू!

झोळी बांधणं मात्र दिसतं तितकं सोपं नाही. दोरीचं टोक माडाला वळसा घालून परत हातात येईना, म्हणून एक दगड सरकवून त्यावर चढलो. पातळ खांद्यावर, दोरीचं एक टोक दातांत, दुसरं हातात. गाठ घट्ट बसली का, हे बघायला तिला लोंबकळूनही पाहिलं. मग समुद्राकडे बघून एक दीर्घ उसासा सोडला आणि मोठ्याने म्हणालो, "झालं बुवा एकदाचं! आता अंग टाकलं की सुटलो!"

त्याच क्षणी मागून कुणीतरी किंचाळलं आणि माझ्या कमरेला जाडजूड मिठी बसली. मी दगडावरून खाली आलो. माझ्यावर एक धिप्पाड माणूस आला. त्याच्या मागे बोंबलांची पाटी टाकून एक कोळीण धावत आली.

"सोरू नको त्याला, भिकाजी! फास लावत होता मेला!"

"अहो बाई, फास नाही! झोळी! मी झोपणार होतो!"

"कायमचा झोपनार होतास! मी ऐकलं ना, 'आता सुटलो' बोललास!"

माडाच्या खोडाला गुंडाळलेल्या दोरीने माणूस कसा काय फास घेणार, हा विचार दोघांपैकी एकालाही शिवला नाही. मी तो मांडायला गेलो, पण छातीवर भिकाजी बसलेला असताना विचार मांडता येत नाहीत. तेवढ्यात त्या बाईचं लक्ष पातळाकडे गेलं. तिने त्याचा पदर हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला आणि कपाळावर हात मारला.

"आग बाई! या तर कुंदावैनीचं लुगरं!"

मग मी तो आवाज ओळखला. ही सोनूबाई! सोमवार सोडून रोज आमच्या दारात पाटी उतरवणारी. (सोमवारी आमच्या बिल्डिंगीत मासे वर्ज्य, म्हणून ती घरी होती.) पण आमची ओळख आवाजापुरतीच. सौदा कुंदा करते आणि मी वर्तमानपत्राच्या मागे असतो. तिने मला पातळावरून ओळखावं, यात तिचा दोष नाही.

"बायकोशी भांडलास?" तिने विचारलं.

"छे छे! तिनेच तर पुऱ्या करून दिल्या."

"घरनं निघताना काय बोललास?"

"काय बोलणार? जातो म्हणालो."

सोनूबाईचा चेहरा उतरला. "येतो नय बोललास?"

"ती सांगत होती. पण मी मुद्दामच जातो म्हणालो."

"ऐकलंस, भिकाजी?" सोनूबाई म्हणाली. भिकाजीने मला आणखी घट्ट धरलं.

इथून पुढे माझा वाढदिवस त्या दोघा बहीण-भावांच्या ताब्यात गेला. मला सोनूबाईच्या घरी नेलं, चटईवर बसवलं, दोरी लपवली. ताटात तळलेली सुरमई आली. "अहो, आज सोमवार," मी म्हणालो. "जीव द्याला निगालेल्याला कसला सोमवार?" सोनूबाई म्हणाली. मी ताट पुढे ओढलं. सुरमई फार सुरेख होती. मी दुसऱ्यांदाही घेतली.

जेवणानंतर किनाऱ्यावर ओढलेल्या होडीच्या सावलीत जाळ्यांचा ढीग होता, त्यावर मी आडवा झालो. खारा वारा, पोटात सुरमई, तोंडावर टोपी. थेट साहेबच! डोळा लागतोय न लागतोय, तोच शेजारून हाक आली.

"दादा, जागा हाईस ना?"

"आहे."

"बरा."

पुन्हा डोळा लागला. "दादा! जागा हाईस ना?" भिकाजी माझ्याजवळून हलायला तयार नव्हता. माणसाला एकटं सोडलं की त्याच्या डोक्यात नको ते येतं, असं त्याचं म्हणणं. अंधेरीत मला एवढ्या हाका अख्ख्या आठवड्यात येत नसतील.

शेवटी मी वैतागून उठून बसलो आणि सोनूबाईला खरं काय ते सांगितलं. की बाई, मला मरायचं नाही. एक दिवस कुणी मला हाक मारू नये, एवढ्यासाठी मी इथे आलो.

ती जाळ्यावर हात ठेवून हसतच सुटली.

"तुला हाका नको? तुला? आरं, कुंदावैनी मना रोज काय सांगते ठाव हाय? बोलते, नवरा लाखमोलाचा. दारू नय, जुगार नय. पन घरान असला का हाका मारतंय! अगं चष्मा कुठे, अगं रुमाल कुठे, अगं ऐकलंस का! गावदेवीला नवस बोललीय ती. एक सुट्टीची दुपार यानं हाक मारली नय, तर नारल फोरीन."

चष्मा, रुमाल, सकाळची टोपी, सगळं डोळ्यांपुढून गेलं. मला खरंच वाईट वाटलं. इतकी वर्षं मी स्वतःला हाकांनी गांजलेला समजत होतो आणि हाका मारणारा मीच! माझा चेहरा बघून भिकाजीला वाटलं, याचा विचार पुन्हा फिरला. त्याने माझं मनगट धरलं, ते वर्सोव्याला बसमध्ये बसवून देईपर्यंत सोडलं नाही. निघताना सोनूबाईने सुक्या बोंबलांची जुडी दिली, पातळाची घडी दिली (दोरी दिली नाही) आणि 'येतो' असं माझ्याकडून स्पष्ट म्हणवून घेतलं. भिकाजीने कंडक्टरला बजावलं, "या दादावर नजर ठेव." कंडक्टरने अंधेरीपर्यंत ठेवली.

घरी आलो तो एक निश्चय करूनच. दारात हाक मारली नाही, कडी वाजवली. आत सगळं शांत होतं. मुलं खाली खेळत होती, भाऊ घोरत होते आणि कुंदा खिडकीत पाय लांब करून मासिक वाचत होती. केसांत अबोलीचा गजरा होता. इतकी ताजीतवानी मी तिला कित्येक दिवसांत पाहिली नव्हती.

"एवढ्यात आलात?" ती म्हणाली. मग उठून तिने माझ्या हातावर खोबऱ्याचा तुकडा आणि साखर ठेवली.

मी तो तुकडा हातात धरून उभा राहिलो. "नारळ कसला हा?"

"गावदेवीला फोडला मघाशी."

"माझ्या वाढदिवसाचा?" मी आशेने विचारलं.

कुंदाने मासिक मिटून ठेवलं. "तसंच समजा," ती म्हणाली.

मी खोबरं खाल्लं. पंचा स्वतः शोधला. साबण स्वतः शोधला. (सापडला नाही. तसेच हातपाय धुतले.) जेवताना मीठ हवं होतं, ते उठून घेतलं. कुंदा हे सगळं बघत होती आणि मला मनातून फार बरं वाटत होतं. बायकोला एवढीशी गोष्ट हवी होती आणि ती आपल्याला कळली, याचा मला अभिमानसुद्धा वाटायला लागला. त्याच भरात मी म्हणालो, "पुढच्या महिन्यात तुझा वाढदिवस. सांग, तुला काय हवं? मागशील ते देतो."

"काही आणू नका," कुंदा म्हणाली. "नारळ मी एकदम दोन घेतलेत. तुम्ही फक्त सकाळी लवकर निघा. आणि घाईत 'जातो' म्हणालात, तरी चालेल."