पाणवठ्याची दोन दारं

एका जंगलात, बाळांनो, वीज पोचली होती आणि संगणकही पोचला होता. पाणी तेवढं कमी होतं. पाणवठा एकच. वाघ आणि हरीण तिथे एका वेळी आले, की हरणाचं पाणी राहायचं आणि वाघाचं जेवण व्हायचं.

म्हणून सिंहमहाराजांनी हुकूम सोडला. पाणवठ्याला कुंपण घाला. दोन दारं करा, एक वाघाला, एक हरणाला. एक उघडं असताना दुसरं उघडता कामा नये. आणि हे सगळं आपोआप झालं पाहिजे.

काम कोल्हेसाहेबांच्या खात्याकडे आलं. साहेबांनी दारं चालवणारं सर्किट आखलं. पण बसवण्याआधी ते संगणकावर खोटंखोटं चालवून बघायचं होतं. खोट्या दारांना खोटे वाघ आणि खोटी हरणं लागतात. ती लिहून द्यायचं काम मंजुळा खारीचं.

काम तसं सोपं होतं, बरं का. फाईलीत दोन रकाने. वाघ दाराशी आला तर त्याच्या रकान्यात एक, नाही आला तर शून्य. हरणाचंही तसंच. एक ओळ म्हणजे एक क्षण. मंजुळाने एकटा वाघ पाठवला, एकटं हरीण पाठवलं, कोणालाच पाठवलं नाही. पडद्यावरची दारं शहाण्यासारखी उघडली आणि मिटली.

मग तिने एका ओळीत दोन्हीकडे एक लिहिला. पडद्यावर दोन्ही दारं एकदम उघडली.

मंजुळाची शेपटी फुलली. ती तडक साहेबांच्या गुहेत गेली.

"साहेब, दोघं एकाच क्षणी आले तर दोन्ही दारं उघडतायत."

कोल्हेसाहेबांनी चष्मा पुसला. "असं कधी होतं का, मंजुळाबाई?"

"उन्हाळ्यात होईल की, साहेब."

"उद्‌घाटन परवावर आलंय. सर्किट बदलायचं तर महिना जाईल. ओळ खोडायला किती वेळ लागतो?"

मंजुळा झाडावर चढली, उतरली, पुन्हा चढली. तिला नुकतीच खात्यातर्फे दक्षिणेकडची ढोली मिळाली होती. तिने ओळ खोडली. चाचणी पास झाली, पडद्यावर सगळं हिरवंगार झालं. त्या उन्हाळ्यात जंगलात तेवढंच काय ते हिरवं होतं.

महाराजांनी दातांनी फीत तोडली. भाषणं झाली.

आणि एका रणरणत्या दुपारी भैरू वाघ आणि कांचन हरिणी एकाच क्षणी आपापल्या दाराशी आले. दोन्ही दारं उघडली. कांचन जीव घेऊन पळाली, पण तिची शेपटी भैरूच्या दातांत राहिली. मंजुळाने ते फांदीवरून पाहिलं. तिला दिवसभर दाणा गिळवला नाही.

दरबार भरला. मंजुळा उभी राहिली.

"महाराज, तो क्षण मी लिहिला होता. नंतर खोडला. चूक माझी आहे."

मग कोल्हेसाहेब शांतपणे उठले.

"म्हणजे महाराज, मंजूर फाईलीत असा क्षणच नाही. तिच्यावर आपला पंजा उमटलाय. मग नसलेल्या क्षणी ही दोघं तिथे काय करत होती?"

महाराजांनी आयाळ खाजवली. "मुद्दा आहे," ते म्हणाले.

भैरूला आणि कांचनला समज देण्यात आली. यापुढे जनावरांनी फाईलीप्रमाणेच पाणी प्यावं असं ठरलं. मंजुळाला बढती मिळाली. ती तहान-अधिकारी झाली. सुरुवातीला तिला लाज वाटायची. मग कामच इतकं वाढलं, की तिला सवड राहिली नाही.

पुढे एकदा कांचन तिच्या ढोलीखाली येऊन उभी राहिली. ओठ कोरडे पडले होते.

"बाई, फार तहान लागलीय हो."

मंजुळाने फाईल उघडली. नीट पाहिली. मग अगदी मायेने म्हणाली, "कांचनताई, तुमच्या रकान्यात आत्ता शून्य आहे. म्हणजे तुम्ही इथे आलेलाच नाहीत."

कांचनने खाली वाकून आपले खूर पाहिले. ते तिथेच होते. तरी ती मुकाट्याने परत गेली.

तात्पर्य: चाचणी जगाबरहुकूम लिहू नये, जगाला चाचणीबरहुकूम वागायला लावावं. मग दारं कधीच चुकत नाहीत, चुकतात ती हरणं.