जावयांनी सुधारलेलं इंजिन

आमच्या जावयांचे हात काही स्वस्थ बसत नाहीत. दार करकरलं तर माणूस दोन थेंब तेल घालतो. हे बिजागऱ्या काढणार, चौकट तासणार, आणि आठ दिवस आम्ही दाराच्या जागी चादर लावून अब्रू झाकणार.

अशा माणसाने जुन्या बाजारातून आगगाडीचं इंजिन आणलं. वीतभर लांब, वाफेच्या इंजिनाची हुबेहूब नक्कल, आत विजेची मोटर. कुणीतरी तीन मोडक्या इंजिनांचं एक केलं होतं. पोट एकाचं, चाकं दुसऱ्याची, धुरांडं तिसऱ्याचं. पण टेबलावर रूळ मांडले तशी स्वारी सुरसुर पळाली.

"बघितलंत आई? कुणा गाढवाचं काम आहे हे! धुरांडं बघा केवढंसं!"

"पळतंय ना?"

"पळतंय हो, पण शोभत नाही."

जावयांच्या साहेबांना इंजिनांचा भारी नाद. जावयांच्या बदलीचा कागद त्यांच्याच सहीवाचून अडला होता. लांबची शाखा, हे गेले की पाठोपाठ माझी मुलगीही जाणार. रविवारी साहेबांना चहाला बोलवायचं, इंजिन दाखवून खूश करायचं आणि बदली रद्द करून घ्यायची, असं ठरलं. म्हणून मी जेवणाचं टेबल दिलं, नाहीतर हात लावू दिला नसता.

पितळेचं मोठं धुरांडं बसलं. तोंड जड झालं, वळणावर इंजिन नाकावर आपटायला लागलं. म्हणून मागे शिसं भरलं. मग मोटरीला ओझं ओढवेना. मोठी मोटर आणली, ती पोटात मावेना. पोट कापलं.

"अहो, आता पुरे," मुलगी म्हणाली.

"एवढं झालं की झालंच!"

चार दिवस आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवलो.

रविवारी साहेब आले. जावयांनी खटका ओढला. इंजिन गुरगुरलं, जागच्या जागी थरथरलं, आणि धुरांड्यातून खराखुरा धूर निघाला. मुलीने धावत जाऊन वायर उपटली.

"तरी पुष्कळ सुधारलंय, साहेब," जावई घाम पुसत म्हणाले. "आधीचं ध्यान बघायला हवं होतं! पुढच्या दिव्याच्या जागी चक्क कोटाचं बटण. फेकून दिलं मी. कुठल्या अडाण्याने—"

साहेबांनी इंजिन उलटं करून बराच वेळ निरखलं. "कोट माझा होता," ते म्हणाले. "सात वर्षं खपलो होतो मी यावर. बायकोने अडगळ म्हणून विकून टाकलं, तेव्हापासून शोधतोय."

चहावर साय धरली, तरी कुणी कपाला हात लावला नाही.

साहेब उठले. "तुमच्या कागदावर उद्याच सही करतो. त्या शाखेत सगळं आधीच मोडलेलं आहे. तुम्हाला मोकळा हात मिळेल."

दार लागलं. मुलगी माळ्यावरच्या बॅगांकडे बघायला लागली.

"आई, मी काय वाईट केलं हो? चांगलंच करायला गेलो ना?"

"बॅग एकच काढ गं," मी मुलीला म्हटलं आणि त्यांच्याकडे वळले. "जावईबापू, तुम्ही खुशाल जा. माझी मुलगी धडधाकट आहे, तुम्हाला तिच्यात काही सुधारायचं सुचायच्या आत तिला इथेच राहू द्या."