रुमाल आणि शेवटचं मंगलाष्टक

आमच्या सेनगाव तालुक्यात शार्दूलविक्रीडित वृत्तात, एकही गण न चुकवता मंगलाष्टक लिहू शकणारा माणूस एकच आहे. तो म्हणजे मी! हे मीच सांगतो, कारण दुसरं कोणी सांगत नाही. तालुक्यातल्याच गोरेगावच्या शाळेत मी मराठी शिकवतो. उपमा, उत्प्रेक्षा, व्यतिरेक, सगळे अलंकार माझ्या घरात पाणी भरतात. ओवी म्हणा, आर्या म्हणा, पोवाडा म्हणा, सांगाल त्या मापाची कविता शिवून देतो.

पण ज्याला देव कविता देतो, त्याला साडूही देतो.

माझ्या साडूचं नाव हरिचंद. वाशीमला विम्याचा एजंट आहे. माणूस हसतमुख, केसांना कलप, आणि वृत्ताच्या नावानं शंख! तरी हा गृहस्थ कविता करतो आणि लोक ऐकतात! माझी बायको मीरा तर त्याच्या कविता मोबाईलवर ऐकत पोळ्या लाटते. पोळ्या मी खातो, बरं का. जळणार नाही तर काय होईल?

तर साखरा गावी माझे मेव्हणे उत्तमराव यांच्या मुलीचं, मंजुषाचं लग्न ठरलं. मंजुषा माझ्याच शाळेत शिकली, त्यामुळे नात्यानं मी तिच्या आत्याचा नवरा असलो तरी ती मला ‘सर’च म्हणते. आता आमच्या सासुरवाडीची रीत अशी, की शेवटचं मंगलाष्टक थोरल्या जावयानं म्हणायचं. त्याच्या ‘सावधान’वर अंतरपाट खाली येतो, बँड वाजतो, आणि लोक वर्षभर सांगतात, “अमक्याच्या मंगलाष्टकावर लग्न लागलं!” थोरला जावई मी. मी महिनाभर आधी लिहायला बसलो.

लग्नाच्या आदल्या दिवशी सासूबाईंनी, म्हणजे सखुबाईंनी, निकाल दिला.

“तुमी दोघंबी म्हना. शेवटचं मात्र हरिचंदराव म्हनतील.”

“काहून?” मी विचारलं.

“त्यांचं ऐकून रडू येतं हो, जावईबापू.”

“आणि माझं ऐकून?”

सासूबाईंनी मीराकडे बघितलं. मीरा म्हणाली, “झोप.”

सकाळी उठलो तो डाव शिजवूनच! मांडवात बँडवाला प्रेमदास ढोलाचे दोर आवळत बसला होता. त्याला बाजूला घेतलं.

“प्रेमदास, हे बघ. तू मंगलाष्टकाकडं लक्षच देऊ नको. मी रुमाल काढला की वाजवायचं. दणकून!”

“कोनी का म्हनून राहिलं असंना?”

“कोणी का असेना! फक्त माझा रुमाल!”

डाव सरळ होता. माझं मंगलाष्टक संपताच रुमाल काढायचा, बँड वाजेल, अंतरपाट पडेल, लग्न लागेल आणि हरिचंदची कविता हरिचंदच्या खिशात! मला माझ्याच बुद्धीचं कौतुक वाटलं.

मांडव गच्च भरला. मे महिन्याचं ऊन पत्र्यावरून खाली ठिबकत होतं. अंतरपाटाच्या एका बाजूला मंजुषा, दुसऱ्या बाजूला नवरदेव सोमेश्वर. गुरुजींची मंगलाष्टकं झाली आणि माइक माझ्या हाती आला. मी छाती फुगवली.

“माझ्या या कवनात गुंफुन फुले, येथे उभी मंजुषा,
जैसी पूर्व दिशेत ये उगवुनी, लाजून गोरी उषा...”

काय ती उपमा! काय ते यमक! चारी ओळी घोटून म्हटल्या, शेवटी ‘सावधान’ असं लांबवलं की खांबावरचा भोंगा शिट्टी मारायला लागला. अक्षता पडल्या. आता रुमाल! हात खिशाकडे नेला आणि तेवढ्यात हरिचंदनं मला कडकडून मिठी मारली.

“वा साडूभाऊ, वा! काय वृत्त हाय! बराबर घड्याळावानी!”

माझे दोन्ही हात त्याच्या बगलेत! सुटलो तोवर माइक त्याच्याकडे गेला होता. मागून मीराचा आवाज आला, “लगीन मंजुषाचं, आन् पयला शब्द ‘माझ्या’!”

हरिचंदनं डोळे मिटले आणि हळूच सुरू केलं.

“आई, तुझ्या तव्यावरची पहिली भाकर माझी होती,
उद्या पहाटे कोणासाठी थापशील ती?”

ना गण, ना मात्रा! पण बायकांत एकदम पदर डोळ्यांना लागले. उत्तमराव मांडवाच्या खांबाला टेकले. मी मनात म्हटलं, हा बाजारूपणा आहे, स्वस्त भावनांचा धंदा आहे... आणि मला माझी पोरगी आठवली. ती नांदेडला शिकायला आहे. घरी आली की पहिली भाकर तीच पळवते. डोळे भरून आले. रागानं, असं मी आजही सांगतो. कोणी बघायच्या आत डोळे पुसावेत म्हणून मी रुमाल काढला.

धडाम्! ढोल, ताशा, कर्णा, सगळं एकदम!

हरिचंदची तिसरी ओळ तोंडातच राहिली. अंतरपाट धरणारे दोघं दचकले आणि त्यांच्या हातून तो सुटला. सोमेश्वरनं घाबरून हार टाकला, तो मंजुषाच्या गळ्याऐवजी गुरुजींच्या गळ्यात! बाहेर कोणीतरी फटाक्यांची लड पेटवली. अर्धे वऱ्हाडी ताटं घ्यायला पळाले.

“थांबवा! थांबवा!” नवरदेवाचे चुलते सुदामराव मांडवात मधोमध उभे राहिले. “‘सावधान’ म्हनलंच न्हाई! लगीन लागलं का न्हाई लागलं?”

“अर्धं लागलं,” गुरुजी गळ्यातला हार काढत म्हणाले.

“अर्धं लगीन आमी घरी नेत नसतो!”

शेवटी ठरलं, अंतरपाट पुन्हा धरायचा, एक मंगलाष्टक पुन्हा म्हणायचं. कोणाचं?

“माझं अर्धं राहिलं,” हरिचंद म्हणाला.

“थोरला जावई मी!” मी माइक ओढला. बँड का वाजला हे कोणी विचारायच्या आत मला गायचंच होतं. या वेळी आर्या घेतली, आणि उत्प्रेक्षा अशी, की ऐकतच राहावं.

“सोमेश्वर हा मेघचि, मंजूषा वीज त्यातली भासे...”

“काय म्हनले?” सुदामराव ओरडले. “भर मांडवात आमच्या पोरावर इज पाडून राहिले? मागल्या साली आमचा बैल इजेनंच गेला!”

“अहो, ती अलंकारिक वीज आहे!”

“कोन्तीबी असू द्या! इज ती इजच!”

तेवढ्यात हरिचंदनं दुसरा माइक पैदा केला होता.

“मांडवाच्या दारी, थांबले गं पाय,
मागे उभी माय, पुढे वाट...”

अभंग! आणि मापात बसलेला अभंग! म्हणजे या माणसाला वृत्त येत होतं आणि त्यानं इतकी वर्षं मला सांगितलं नव्हतं! माझं डोकंच फिरलं. मी पोवाडा घेतला. सगळ्या पोरांनी मागे ‘जी रं जी जी’ धरलं. त्यानं ओवी घातली. मी गझलेचा शेर फेकला, त्यानं चारोळी मारली. प्रत्येक वेळी ‘सावधान’ म्हटलं की लोक अक्षता टाकायचे, आणि लगेच दुसऱ्या माइकवरून नवीन कविता सुरू! अक्षता संपल्या. लोकांनी मुरमुरे टाकले. मुरमुरे संपले तेव्हा कोणीतरी बुंदी टाकली, ती गुरुजींच्या पंचांगावर चिकटली.

“मुहूर्त चालला हो!” गुरुजी कळवळले.

“दाजी, पुरे करा ना!” उत्तमरावांनी हात जोडले. “भात गार होऊन राहिला!”

“आधी याला थांबवा!”

“आधी साडूभाऊला थांबवा!”

अंतरपाट धरणाऱ्यांचे हात इतके खाली आले होते की नवरा-नवरी अंतरपाटावरून एकमेकांकडे आरामात बघत होते. सोमेश्वरनं तर तिला रुमालानं वाराही घातला. नशीब, प्रेमदासची नजर त्याच्या रुमालावर नव्हती!

मी मुक्तछंदात शिरणार, तेवढ्यात मंजुषानं अंतरपाटावरून हात पुढे केला.

“सर, जरा माइक द्या.”

मी सवयीनं दिला. तिनं मुंडावळ्या बाजूला केल्या आणि खणखणीत आवाजात उखाणा घेतला.

“दोन कवींच्या भांडणात दुखून राहिले पाय,
सोमेश्वररावांचं नाव घेते, अंतरपाट काढता का न्हाय?”

मग सगळा मांडव जो उसळला! सासूबाई हसून हसून पदरात तोंड लपवायला लागल्या.

“नाव घेतलं!” सुदामराव गरजले. “नाव नवऱ्याचंच घेतात! लागलं लगीन!”

मला तोंड लपवायला जागा नव्हती. मी रुमाल काढून त्यात तोंड घातलं.

धडाम्! ढोल, ताशा, कर्णा! गुरुजींनी त्या गोंधळात ‘सावधान’ म्हणून घेतलं, अंतरपाट पडला, हार योग्य गळ्यात गेले आणि मंजुषाच्या उखाण्यावर लग्न लागलं.

जेवायला मी आणि हरिचंद मंडपाच्या शेवटच्या कोपऱ्यात शेजारी शेजारी बसलो. आम्हाला कोणी वाढायला येत नव्हतं.

“उखाण्याची दुसरी ओळ लांब झाली,” मी म्हणालो.

“व्हय ना. यमकबी सोपंच हाय,” हरिचंद म्हणाला.

आमचं आयुष्यात पहिल्यांदा एकमत झालं होतं. तेवढ्यात प्रेमदास ढोल गळ्यात तसाच घेऊन आला, मागे मीरा बुंदीचं ताट घेऊन.

“सर, दोन्ही बारीला बराबर वाजवलं ना? तुमच्या रुमालावरून नजर हालवली न्हाई मी!”

मीरानं माझ्याकडे पाहिलं. मग रुमालाकडे. मग हरिचंदला दोनदा बुंदी वाढली आणि ताट घेऊन पुढे गेली.

त्यानंतर घरात चार दिवस फक्त भांडी बोलत होती. मीराच्या मोबाईलवर आता मंजुषाचा उखाणा वाजायचा, हरिचंदही मागे पडला होता, पण मला त्याचाही आनंद होईना. शेवटी मी ठरवलं, वृत्तं गेली खड्ड्यात! चोरून उखाणा लिहायला बसलो. कागदांवर कागद फाडले. रविवारी मीरा पोळ्या लाटत असताना स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो, घसा खाकरला आणि लग्नानंतर पहिल्यांदा बायकोचं नाव घेतलं.

“शार्दूलाला जमलं नाही, आर्येला जमलं नाही,
मीराच्या पहिल्या पोळीवाचून मला करमत नाही!”

लाटणं थांबलं. मीराचे डोळे भरून आले. मी धन्य झालो! वाटलं, जिंकलो, आयुष्यभराची कविता आज झाली! तिनं पदरानं डोळे पुसले, माझ्या ताटात पहिली पोळी वाढली आणि इतक्या दिवसांनी पहिल्यांदा माझ्याशी बोलली.

“लई गोड हाय हो. हरिचंदरावांनी लिहून देला काय?”