मरोळच्या मांडवातला टोस्ट

इंग्रजी शब्दाचं मूळ खणून काढण्यात अंधेरीत माझा हात धरणारा कोणी नाही! हे मी नाही म्हणत, माझ्या क्लासच्या बोर्डावरच लिहिलंय. बोर्ड मीच रंगवून घेतला, ती गोष्ट वेगळी.

त्यामुळे मरोळ गावठाणातला माझा दोस्त नेव्हिल म्हणाला, "सर्वेश, माझ्या लग्नात टोस्ट तू रेझ कर ना रे!" तेव्हा मी उडालोच. नवरा-नवरीच्या नावानं भाषण ठोकायचं, मग सगळ्यांनी ग्लास उंचवायचे. ख्रिस्ती लग्नात हा मोठा मान! शिवाय नेव्हिलची बहीण ॲन्ड्रिया आणि मी, आम्हाला लग्न करायचंय. तिची आई, सेराफिना आंटी, अडून बसलेली. "मालवणी पोरगा, त्याला आमच्या रीतीतलं काय कळतं?" म्हटलं, आज कळेल आंटी!

नुसतं भाषण काय कुणीही करेल. मी शब्दाचा उगमच दाखवायचं ठरवलं. जुन्या काळी तिकडे वाईनला चव यावी म्हणून मसाला लावलेला भाजका पाव पेल्यात टाकत. पुढे ज्याच्या नावानं प्यायची, त्यालाच टोस्ट म्हणायला लागले. झकास की नाही? मी अख्खा ब्रेड दालचिनी लावून भाजला, बाटलीच्या झाकणानं गोल गोल चकत्या पाडून डब्यात भरल्या आणि पांढराशुभ्र पायघोळ कुर्ता घालून मांडवात हजर!

"डब्यात काय आहे?" ॲन्ड्रियानं विचारलं.

"सरप्राईज!"

"सर्वेश, मम्मीसमोर शहाणपणा नको हां."

स्टेजवर चढलो. "फ्रेंड्स, टोस्ट हा शब्द मूळचा लॅटिन..." एवढं बोललो आणि माईक मेला! पण मी कसला थांबतोय? एका हातात वाईनचा पेला घेतला, दुसऱ्या हातानं चकती सगळ्यांना दिसेल अशी उंच धरली आणि हळूच वाईनमध्ये बुडवली.

बँडवाल्यानं ट्रम्पेट खाली ठेवला. मला वाटलं, काय छाप पडली यार! तेवढ्यात पहिल्या रांगेतले ऐंशी वर्षांचे रोझारिओ अंकल उठले, हात जोडून माझ्यापुढे आले, डोळे मिटले आणि जीभ बाहेर काढली.

आता, आमच्याकडे लग्नात घास भरवतातच. मी भरवला!

"आमेन," अंकल म्हणाले.

त्यांच्यामागे त्यांची बायको. तिच्यामागे दोन मावश्या. बघता बघता म्हाताऱ्यांची रांग लागली! मागून नेव्हिल जोरजोरात हात हलवत होता. मला वाटलं, लवकर आटप म्हणतोय. मी स्पीड वाढवला. बाविसावा घास उचलला आणि समोर सेराफिना आंटी! तिनं तोंड उघडलं, पण घासासाठी नाही.

"अरे मेल्या, कम्युनियन देतोस? तू फादर झालास काय रे?"

चर्चमध्ये पांढरा पायघोळ झगा घातलेले फादर असाच गोल पाव वर धरतात, वाईनचा पेला उचलतात आणि मग तो पाव प्रसाद म्हणून लोकांच्या जिभेवर ठेवतात, हे मला तिथे कळलं. तेही आंटीच्या तोंडून, नेमका माईक पुन्हा चालू झालेला, अख्ख्या गावठाणाला ऐकू जाईल असं! वाट लागली! स्टेजखाली शिरायला जागा शोधत होतो मी.

"आंटी, हा फक्त टोस्ट..."

"गप!"

"मम्मी, त्याला माहीत नव्हतं गं," ॲन्ड्रिया रडकुंडीला आली.

"मी दुसरं काय सांगतेय इतके दिवस?"

एवढ्यात जेवणाच्या टेबलावरून खरे फादर उठून आले. डब्यातली एक चकती तोंडात टाकली. "दालचिनी छान पडलीय रे. पण हे काम माझं, हां?" मांडव हसून हसून आडवा! आंटी सोडून.

"माझी पोरगी पाहिजे ना?" आंटी म्हणाली. "मग आधी शीक. रविवारी साडेआठला माझ्या वर्गात ये. पास झालास तर लग्नाचं बोलू."

चर्चमध्ये लहान मुलांना धर्माचे धडे आंटीच देते. तेव्हापासून दर रविवारी मी सात-सात वर्षांच्या पोरांमध्ये, इवल्याशा बाकावर गुडघे पोटाशी घेऊन बसलो. मार्चमध्ये परीक्षा झाली. झाडून सगळी पोरं वरच्या वर्गात गेली. मला आंटीनं त्याच वर्गात ठेवलंय!

ॲन्ड्रिया म्हणाली, "थांबते रे मी. पण या वर्षी तरी शेजारच्या पोरीचं बघून लिही!"