लगतधारकाला नोटीस

आमच्या शेजारच्या नानांना सलग असे काही पाहवत नाही. ओट्याच्या मधोमध त्यांनी तेलरंगाची रेघ ओढली आहे. अलीकडे बसायचे, पलीकडे मिरच्या वाळवायच्या. रेघ ओलांडणाऱ्या मांजराला ते रीतसर ‘अतिक्रमणदार’ म्हणतात. त्यांची सगळी नोकरी जमीन मोजणीच्या खात्यात गेली. निवृत्तीनंतर आमच्या वाशी गावात मोजायला जमीन उरली नाही, म्हणून ते घर मोजतात.

मी पदार्थविज्ञानाची विद्यार्थिनी. पीएच.डी.च्या प्रवेशपरीक्षेच्या तयारीसाठी गावी आले होते आणि माझ्या वेळापत्रकात नानांचा संगणक बसत नव्हता. पण तो वयोमानाने इतका मंदावला होता, की सुरू करून नाना दाढी उरकून येत. जुनी विंडोज पुसून लिनक्स ही हलकी सिस्टिम टाकावी, असे मी सुचवले.

“पहिला कब्जेदार उठवायचा न्हाय,” नाना म्हणाले. “वाटणी कर.”

एका संगणकात दोन सिस्टिम नांदू शकतात, हे मीच त्यांना सांगून बसले होते. डिस्कचे भाग दाखवणारी पट्टी मी पडद्यावर आणली. मधली रेघ माउसने सरकते, हे पाहून नाना हरखले. मोजणीची साखळी न ओढता, बाभळीत पाय न घालता हद्द हलत होती. बराच वेळ ती इकडेतिकडे नेऊन अखेर त्यांनी मोठा भाग जुन्या सिस्टिमला दिला. हे अशास्त्रीय आहे, असे मी आकृती काढून सिद्ध केले. वाटे पाडणाऱ्याने उरेल ते घ्यायचे असते, एवढेच त्यांचे उत्तर.

मी बटण दाबणार, तोच त्यांनी हात आडवा घातला. लगतधारकाला, म्हणजे हद्दीला लागून असलेल्या शेजाऱ्याला, नोटीस दिल्याशिवाय मोजणी ग्राह्य नसते म्हणे. संगणकाला लगतधारक कुठला, असे मी विचारेपर्यंत त्यांनी पुण्याला फोन लावलाही होता.

लगतधारक म्हणजे काकू, नानांच्या पत्नी. नातवाला सांभाळायला थोड्या दिवसांसाठी म्हणून त्या लेकीकडे गेल्या. नातू तेव्हा पाळण्यात होता. आता शाळेत जातो. जुन्या सिस्टिमवर काकू एकट्याने खेळायचा पत्त्यांचा डाव मांडत, आणि नाना त्याला आयुष्यभर रिकामटेकडा उद्योग म्हणत आले.

नानांनी फोनवर चतुःसीमा, म्हणजे कोणाचा वाटा कुठून कुठवर ते, वाचून दाखवल्या.

“अवो, माझा वाटा कशाला ठेवताय?” काकू म्हणाल्या. “मी काय इतक्यात येती व्हय तिकडं? टाका पुसून.”

पुसणे माझ्या वेळापत्रकाला सोयीचे होते, पण मी माउसवरचा हात काढून घेतला.

“माणूस कुठंबी असू दे, वाटा पुसत नसत्यात,” नाना म्हणाले. “तुजे पत्ते हायेत त्यात.”

पलीकडून काकू म्हणाल्या, “अर्धा डाव राहिलाय माझा. मोडू नका मग.”

आता चूक परवडणारी नव्हती. काकूंच्या भागाची प्रत आधी बाजूला काढून मी काम केले. जुनी सिस्टिम परत उघडेपर्यंत नाना भिंतीला टेकून उभे होते. पत्ते जिथल्या तिथे होते. मग त्यांनी एकच दुरुस्ती सुचवली. संगणक सुरू होताना कोणती सिस्टिम हवी ते विचारतो आणि काही सेकंदांत आपणच एक निवडतो, ही घाई त्यांना पटेना. मी ती मुदत काढून टाकली. आता कोणी निवडेपर्यंत तो थांबून राहतो.

काही दिवसांनी लिनक्स कसे चालते ते पाहायला गेले. ते उघडलेलेच नव्हते. नाना काकूंचा अर्धा डाव समोर ठेवून बसले होते. शेजारी फोन सुरू होता. मी डाव पाहिला. बदामाची दश्शी मोकळी होती, किलवरची नव्वी तिच्यावर जात होती आणि त्यापुढे सगळा डाव सरळ सुटत होता. मी बोट दाखवणार, तोच नानांनी डोळ्यांनीच मला दटावले.

“दिसतंय का काही?” पलीकडून काकूंनी विचारले.

“न्हाय गं,” नाना म्हणाले. “उद्या बघू.”