कंडक्टरबाईंच्या पोटाबाबत हरकती व सूचना

गर्भारपणाच्या प्रश्नावर निर्णय घ्यायचा, तर तो त्रयस्थानेच घ्यावा, हे कोणीही सुज्ञ माणूस मान्य करील. जिच्या पोटात मूल आहे ती बाई काही त्रयस्थ नसते. म्हणून सरकारने परवानगी समिती नेमली आणि तिच्यावर सहा पुरुष घेतले. (सातवी जागा महिला सदस्याची. योग्य महिला न मिळाल्याने ती तीन वर्षं रिक्त आहे. खुर्ची मात्र रोज पुसली जाते.)

या समितीपुढे शहर बससेवेतल्या एका कंडक्टरबाईंचा अर्ज आला. बाई छत्तीस वर्षांच्या, नवरा डेपोत मेकॅनिक, दोन मुली शाळेत. धाकटीच्या वेळी हृदयाची झडप बिघडली, तेव्हापासून जिना चढतानाही धाप लागायची. काळजी घेऊनही पुन्हा दिवस गेले.

"हे बाळंतपण तुमच्या हृदयाला झेपणार नाही," डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं. "मी उद्याच गर्भपात करून दिला असता, पण कायद्याने माझे हात बांधलेत. बाराव्या आठवड्याच्या आत समितीची परवानगी आणा."

तेव्हा सातवा आठवडा चालू होता. म्हणजे भरपूर वेळ होता, असं समितीचंही मत आहे.

अर्ज नऊ पानी होता. नवऱ्याची संमती, सासूचं मत, वरिष्ठांचा शेरा (डेपो मॅनेजरांनी 'कामात नियमित' असा दिला) आणि रकाना सदतीस : 'गर्भाचे म्हणणे, लागू असल्यास'. बाईंनी तिथे रेघ मारली. अर्ज परत आला.

"रेघ चालत नाही," कारकून म्हणाला. "'निरंक' लिहा."

नवव्या आठवड्यात बैठक ठरली, पण गणपूर्ती झाली नाही. दोन सदस्यांना सर्दी झाली होती आणि तिघं त्यांना बघायला गेले होते. प्रकृतीपुढे दुसरं काय असतं?

दहाव्या आठवड्यात मात्र चर्चा रंगली. पाणीपुरवठा खात्यातले निवृत्त अभियंता जीवनाच्या पावित्र्यावर पन्नास मिनिटं बोलले. माजी प्राचार्य स्त्रीच्या देहावरील तिच्या हक्काविषयी सव्वा तास बोलले. बाई उभ्याच होत्या, कारण रिकामी खुर्ची राखीव होती. छातीत धडधडायला लागलं तसा त्यांनी हात वर केला.

"साहेब, मी दोन शब्द बोलू?"

"बाई, मध्ये बोलू नका," प्राचार्य कळवळून म्हणाले. "तुमच्याच हक्काबद्दल बोलतोय ना मी!"

मतं पडली तीन विरुद्ध तीन. सबब जनतेकडून पंधरा दिवसांत हरकती व सूचना मागवण्यात आल्या. जाहीर सूचना बसच्या पाठीवर लागली. नाव गुप्त ठेवलं होतं. नुसतं 'विवाहित महिला वाहक, मार्ग क्रमांक नऊ' एवढंच होतं.

मार्ग क्रमांक नऊवर महिला वाहक एकच होती.

"ठेव गं पोरी, देवाची देणगी असते," एक आजोबा तिकीट घेता घेता म्हणाले.

"अजिबात ठेवू नका, ताई," मागच्या सीटवरची कॉलेजातली मुलगी म्हणाली. "तत्त्वाचा प्रश्न आहे."

बाईंनी दोघांना तिकीट दिलं आणि घंटा मारली.

एकूण पत्रं आली चारशे बारा. परवानगी द्यावी : एकशे अठ्ठ्याऐंशी. देऊ नये : दोनशे एक. बस वेळेवर सोडाव्यात : तेवीस. समितीने ती सगळी वाचली आणि एकमताने कळवलं : 'आपली मागणी रास्त आहे. तथापि तेरावा आठवडा सुरू झालेला असल्याने परवानगी देता येत नाही.'

"मग आता आम्ही काय करायचं?" नवऱ्याने विचारलं.

"पुढच्या वेळी जरा लवकर अर्ज करा," कारकून म्हणाला. मनाने तो चांगला होता.

त्या आठवड्यात बाईंनी थोरलीला धाकटीची वेणी घालायला शिकवलं. मग कुकर लावायला. "तूच घाल ना," धाकटी रडली, तेव्हा बाई नळ सोडून भांडी घासायला लागल्या.

आठव्या महिन्यात त्या बसच्या पायरीवरच कोसळल्या. ऑपरेशन झालं. बाळ पावणेदोन किलोचं, पण वाचलं. बाईही वाचल्या, म्हणजे श्वास चालू राहिला. यापुढे उभ्याचं काम नाही, जिना नाही, असं डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलं, आणि नोकरी गेली. समितीच्या अहवालात प्रकरण 'सुखरूप निकाली' अशी नोंद झाली.

नाकाला नळी लावून पडलेल्या बाईंना सगळं ऐकू येत होतं. भेटायला एकवीस माणसं आली. प्रत्येकाने दारातच नर्सला विचारलं, "काय झालं? मुलगा की मुलगी?" बाई कशी आहे, हे फक्त जेवणाचं ताट आणणाऱ्या मावशींनी विचारलं, कारण ताट ठेवायचं की परत न्यायचं, हे त्यांना ठरवायचं होतं.

मुलगा झाला की मुलगी, हे आम्ही अजून सांगितलेलं नाही. ते तुमच्या केव्हाच लक्षात आलं असेल.